वाफ धरलेली काच

शरयू सोसायटीतलं शेवटचं बिऱ्हाड परवा हललं.
चरईच्या त्या वळणावर आता पत्रे, वरून हिरवं कापड.
मी समोरच्या फुटपाथवर,
हातात चावी, जिला आता कुठलंच दार नाही,
आणि आठवतंय काय, तर
पोलंडमधली एक बस.

सांगण्यासारखं खरं तर दुसरंच पुष्कळ.
लाइपझिगच्या वसतिगृहात मी सोड्याची खिचडी टाकली
आणि आगीची घंटा वाजून चार मजले बर्फात उतरले,
अंगावर चादरी, पायात सपाता.
फायर ब्रिगेडच्या उंच माणसानं झाकण उचललं,
गंभीरपणे विचारलं : यात काय मेलंय?
पाहुण्यांना मी हेच सांगते. हसतात. चहा संपतो.
व्हेनिसमध्ये हरवलेला बूट सांगते, एकच, डावा.
प्रागच्या स्टेशनात मार्तीनाच्या मांडीवर डोकं ठेवून काढलेली रात्र
थोडी कमी करून सांगते.

बस नाही सांगितली कधी.

फेब्रुवारी. पैसे संपत आलेले, सुट्टी नाही.
मार्तीना तापानं क्राकोमध्ये झोपून.
मी उगाचच निघाले, नकाशाच्या उजव्या कडेला,
जिथे गावांच्या नावांत
स्वर कुणालाच परवडत नव्हते.

शेजारी एक आजोबा. कानटोपी,
गुडघ्यांत सफरचंदांची पिशवी.
नाव तादेउश. खाणीत काम करता करता जर्मन शिकलेले,
माझ्याइतकंच मोडकं.
कुठली तू?
मुंबई, म्हटलं.
दोन वर्षं अख्ख्या युरोपला मी हेच सांगत होते.
ठाणं कुणाला माहीत असणार,
आणि मुंबई म्हटलं की लोक डोळे मोठे करायचे,
खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.
आजोबांनी मान हलवली.
तसं नाही. घर कुठे?

मग मी काचेवरच्या वाफेत बोट टेकवलं.
हा समुद्र. ही खाडी. खाडीच्या या अंगाला आम्ही.
हा तलाव, मधोमध एवढंसं देऊळ,
काठाला कोपिनेश्वर, मग जांभळी नाका,
तिथून आत, अजून आत,
दुसरा मजला, गॅलरीत बाबांचे मोजे,
एका पायाचा नेहमी खाली पडलेला, कारखानीसांच्या छत्रीवर.
मोजे काही काढता आले नाहीत.
तोवर रेघा ओघळू लागल्या,
खाडी तलावात शिरली,
माझं नाक का वाहतंय
ते आजोबांनी विचारलं नाही.

पुढच्या काचेवर त्यांनी आपलं काढलं.
नदी. पूल. लाकडी चर्च. चार झाडं.
झाडांमध्ये एक चौकोन,
चौकोनावर फुली.
गाव उठवलं, म्हणाले. मी सहा वर्षांचा होतो.
झाडं आहेत अजून. जातो दर वर्षी.
पिशवीतलं एक सफरचंद बाहीला पुसून दिलं.
सुरकुतलेलं, पेंढ्याचा वास असलेलं,
आणि गोड, अगदी अंगावर येणारं गोड.

उतरले ते जिथे, तिथे थांबा नव्हता, घरही नव्हतं.
नुसती पांढरी जमीन, तिच्यावर त्यांची पावलं.
दार उघडलं तसा गार वारा आत आला.
पाहिलं तर दोन्ही गावं
एकाच खिडकीच्या पायथ्याशी, पाणी होऊन.

‘मॅडम, कोण पाहिजे?’
पत्र्याआडून वॉचमन.
त्याच्या डोक्याच्या वर नव्या टॉवरचं चित्र,
अडतीस मजले, कुठल्या देशातली कोण जाणे, झाडं.
कोण पाहिजे?
कारखानीस मालाडला गेले. बाबा त्याच्याही आधी.
कुणी नाही, म्हटलं, इथलीच मी.
त्यानं चावीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

जांभळी नाक्यावर सफरचंदं होती,
एकेकाला स्टिकर, मेणानं चकचकीत.
एक घेतलं. बाहीला पुसलं.
पिठूळ निघालं.
तरी संपवलं, उभ्याउभ्याच.