अर्थिंग

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी.
भट्ट्या गार, लेथ झाकलेले,
गल्लीतलं कुत्रं वाळूच्या ढिगावर
मालकासारखं पसरलेलं.
त्या दिवशी चौगुल्यांच्या शेडची किल्ली
अभिनंदनच्या खिशात.

बँडचं नाव ढपला.
आधी दोन आठवडे 'कच्चा माल' होतं,
पण पोस्टर रंगवणाऱ्या दिग्याला 'च्चा' जमेना.

ड्रम शमुवेलच्या काकांच्या बँडपथकातला,
कातड्यावर अजून 'शुभविवाह',
आणि काठी त्या 'वि'वरच पडली पाहिजे
हा त्याचा हट्ट.
बेस गिटारची खुंटी तुटली तेव्हा
नीलांबरीनं शेजारच्या लेथवर पितळेत करून घेतली.
वजन एवढं, की हात सोडला की गिटार मान टाकायची
निकालाच्या दिवशीच्या पोरासारखी.
गायला मी. म्हणजे ओरडायला.
सूर नव्हता,
पण तालमीतल्या घराचा, छाती होती.

गाण्यांत काय होतं?
भारनियमनाचं वेळापत्रक, पेपरात आलं तसं,
फीडरच्या नावांसकट.
एक पंचगंगेच्या फेसावर.
एक नीलांबरीचं, मामानं आणलेल्या सांगलीच्या स्थळावर,
बावीस सेकंदांचं,
शब्द एकच : नको.

ऐकायला सतराजण.
त्यातले दोघं कास्टिंगचा भाव विचारायला आलेले,
चुकून थांबलेले.
मिरजेहून पॅसेंजरनं येणारा इलाही
अगदी पुढं डोळे मिटून उभा राहायचा,
गाणं संपलं की खिशातले फुटाणे वाटायचा.
कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला,
"अजून जोरात."

आणि या सगळ्याखाली ती घरघर.
ॲम्प्लिफायर गंगावेशीतल्या मंडपवाल्याचा,
चालू केला की हंऽऽऽ,
जसं शेडच्या पोटात कुणीतरी
रात्रपाळी करतंय.
आम्ही तिला शिव्या दिल्या, वायरी बदलल्या,
मग हळूहळू तिच्याच पट्टीत गिटारी लावायला लागलो.

त्या सोमवारी आप्पा आले.
अभिनंदनचे वडील, पांढरी टोपी, हातात जेवणाचा डबा
कुणाचा तरी परत द्यायचा.
आम्ही थांबलो. घरघर थांबली नाही.
आप्पांनी मान तिरकी केली,
मोटारीचं दुखणं ऐकतात तशी.
"अर्थिंग वाळलंय.
शॉक बसून मरशीला लेकानू, आनि नाव माझं."
शमुवेलला मीठ आणायला पिटाळलं,
मागच्या खड्ड्यात ते ओतलं, वर दोन बादल्या पाणी.

घरघर गेली.
इतकी गेली, की
पत्र्यावर चिमणी चालत होती ते ऐकू आलं.

"आता वाजवा," म्हणाले.

वाजवलं.
पहिल्यांदाच सगळं स्वच्छ ऐकू आलं :
माझा फाटका आवाज, अभिनंदनचं चुकलेलं बोट,
शमुवेलचं 'वि' सोडून 'ह'वर पडणं.
आपण किती वाईट वाजवतो हे
एकाच दुपारी पाचही जणांना कळलं,
आणि इलाहीनं त्या दिवशी
फुटाणे जरा जास्तच वाटले.

आप्पा साच्याच्या पेटीवर शेवटपर्यंत बसून.
जाताना म्हणाले,
"त्या पोरीचं बरं हाय. लवकर संपतंय,
आनि खरं हाय."

पुढं कुणी मुद्दाम काही मोडलं नाही.
दिवाळीनंतर किल्ली मागायची राहिली, एवढंच.

शेडमध्ये आता फरश्यांचं दुकान आहे, काचेचा दरवाजा.
नीलांबरी सांगलीला गेली नाही.
नंतर कुठं गेली, ते दिग्याला ठाऊक, तो सांगत नाही.
माझ्याकडं एक कॅसेट उरली.
तीत आठ मिनिटं नुसती घरघर, मग पाण्याचा आवाज,
मग आप्पांचं 'आता',
आणि फीत संपते.
मी ती घरघरीसाठी लावतो.
बायको विचारते, फ्रीज बिघडला काय?

मंडपवाल्याचे साडेतीनशे
अजून द्यायचेत.