धार

सस्कॅचेवानमध्ये, जिथे रस्ता
नकाशावर तुटक रेघेचा होतो,
तिथे आमची वस्ती. सत्तेचाळीस माणसं, एकवीस गाई
आणि ऑर्व्हिल ब्रॅन, त्याला साक्षी म्हणायचं.

आरसे नव्हते. माझं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं
दुधाच्या टाकीच्या पत्र्यात, फुगलेलं, नाक पसरट.
बरीच वर्षं मी तशीच आहे असं धरून चालले.

आई होती, पण तिला आई म्हणायचं नव्हतं.
सगळ्याच बायका मावश्या.
माझी कोणती ते मला ठाऊक होतं:
आर्डिथ, डावी करंगळी मळणीयंत्रात गेलेली.
रात्री निजलेल्या पोरांची डोकी मोजताना
ती माझ्यापाशी आकडा विसरायची.
परत पहिल्यापासून.

मी नऊ वर्षांची असताना तारीख ठरली,
ऑक्टोबरची एकोणतीस.
बटाटे जमिनीतच राहू दिले.
लोव्हिनाची किडलेली दाढ उपटली नाही.
माझा स्वेटर एका बाहीवर थांबला,
कारण कशाला.

संध्याकाळी साक्षी म्हणाला, आज धारा काढू नका.
उद्या गाईच नसतील.

बूट काढून ओळीने बसलो आम्ही प्रार्थनेच्या खोलीत.
नऊ वाजता एक हंबरली. मग दुसरी.
दहापर्यंत एकवीसच्या एकवीस.
कास तट्ट फुगली की गाय कशी ओरडते
ते न ऐकलेल्याला सांगता येत नाही.
माणसं गात होती.
मग आणखी मोठ्याने गायला लागली.

मी लघवीला जाते म्हणाले.
खोटं नव्हतं, आधी तीच केली.
मग गोठ्यात. अनवाणी. पायाखाली शेण गोठून दगड झालेलं.
टिलीच्या पोटाला कपाळ टेकलं.
भ्याली होती, लवकर पान्हवेना.
बादल्या कुलपात, म्हणून धार जमिनीवरच.
बादलीत वाजते तशी ती मातीत वाजत नाही.
चार गाई झाल्या. पाचवीला बोटं वळेनात,
आणि दारात कंदील आला,
करंगळी नसलेल्या हातात.

ती काही बोलली नाही. स्टूल ओढलं.
उरलेल्या सतरा आम्ही दोघींनी काढल्या,
जास्त तिनेच.
पहाटे गोठाभर दुधाचा चिखल होता,
आणि गाई गप्प.

सूर्य उगवला, रोजच्याच कुंपणावर.
साक्षी म्हणाला, कुणीतरी विश्वास मोडला,
म्हणून जग उरलं.
आर्डिथ उभी राहिली. नाव सांगितलं.
एकच.

चाळीस दिवस अबोला.
पुढे गावातल्या शाळेत पाहिलं,
दोन मुली अबोला धरतात, मधल्या सुट्टीपर्यंत टिकतो.
मला इतकं हसू आलं की बाईंनी बाहेर काढलं.
त्या चाळीस रात्री मला मोजायचंही नव्हतं.
ती माझ्या उशाशी यायची, थांबायची,
ओठ मिटलेले,
आणि परत पहिल्यापासून.

जग माझ्यामुळे उरलं, हे मी खरं मानत होते.
वीस एक वर्षं.
बर्फ पडला, माझ्यामुळे.
कुणाचं तरी पोर बुडालं, माझ्यामुळे.
आणि खोटं कशाला बोलू,
थोडा अभिमानही वाटायचा.

आता रेजायनात असते. दातांच्या दवाखान्यात
लोकांना वेळ देते: मंगळवारी सव्वातीन,
पुढच्या वर्षी मार्चमध्ये या.
पुढच्या वर्षी म्हणताना अजून जीभ अडखळते.

तिने एकच नाव का सांगितलं
हे मी दोन्ही बाजूंनी लावून पाहिलं आहे.
दोन्ही बाजूंनी बसतं.

वस्तीवर एक फोन आहे, यंत्रांच्या शेडमध्ये.
ऑक्टोबर संपता संपता मी लावते.
कुणीतरी उचलतं. बोलत नाही.
मीही नाही.
मागे कुठेतरी दूध काढायचं यंत्र घरघरतं,
आता हातांनी काढत नसावेत.
मी पलीकडचे श्वास मोजते.
तेरा, चौदा.
मधेच विसरते.