चव्वेचाळीस किलो

शनिवारी दहाला ट्रायल, वाशीच्या कॉलेजात.
यादीत माझ्या नावापुढे लिहिलंय : बेस.
म्हणजे खालची.
जिच्या तळव्यांवर दुसरी उभी राहते
आणि टाळ्या घेते.

वरची शिफा. शिफा मुकादम, तळोज्याची.
आडनाव ऐकून पप्पा जेवता जेवता हसले,
"मुकादम डोक्यावरच असायचा, बाई,
आमच्याकडे काय अन् तुमच्याकडे काय."

कोपरखैरण्यात माथाडींच्या बैठ्या घरांवर
आता मजले चढलेत.
आमच्या गच्चीत टाकीशेजारी आठ पावलं जागा.
तिथं मी रोज मोजते, पाच, सहा, सात, आठ,
एकला बसायचं, दोनला घ्यायचं,
तीनला खांदा, चारला हात सरळ वर
आणि चारही आकड्यांना हसायचं.
सेजल मॅडम म्हणतात, दात दिसले पाहिजेत,
शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसले पाहिजेत.

शिफा नसते तेव्हा तांदळाची पिशवी.
ती आईनं परत नेली, भात कशाचा लावू म्हणून.
मग पाण्याचा वीस लिटरचा जार.
तो डचमळतो.
माणूसही डचमळतो, म्हणून जारच बरा.

एकदा पप्पा वर आले, बनियनवर,
थोडा वेळ नुसतं बघितलं.
"कंबरेनं नको उचलू. कंबर एकदाच मिळते.
गुडघ्यात बस. श्वास धर. उठताना सोड."
माझे खांदे दाबून पाहिले,
गोणीची शिवण तपासावी तसे.
त्यांच्या मानेमागं लिंबाएवढी गाठ आहे,
सव्वीस वर्षांच्या कांद्या-बटाट्याची.
लहानपणी मी तीच धरून पाठीवर बसायची.

"किती किलोची पोरगी?"
चव्वेचाळीस.
"गोणीपेक्षा सहा कमी. जमेल."
मग जरा थांबून, "पण हसायचं कशाला?"

मला सांगता येईना.
सहावीत असताना डबा द्यायला गेले होते मार्केटात,
तेव्हा पाहिलेले पप्पा आठवले :
ट्रकच्या फळीवरून उतरताना
ओठ आत ओढलेले,
डोळे फक्त पुढच्या पावलावर.
शेवटच्या रांगेत कुणी बसलेलं नव्हतं.

"आणि सटकली तर?"
मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले,
"आमच्यात सोपं. गोणी सटकली की आरोळी द्यायची
अन् बाजूला उडी. माल भरून येतो."

आमच्यात उलटं, मी म्हटलं.
सटकली की खाली जायचं. तिच्या खाली.
तिचं डोकं जमिनीला लागता कामा नये.
आपलं नाक फुटलं तरी चालतं.
मागच्या वर्षी एकीचं फुटलं.

पप्पा गप्प झाले.
टाकीचा नळ ठिबकत नव्हता,
तरी त्यांनी तो आवळला
आणि खाली गेले.

आज शुक्रवार. शिफा आली,
मेट्रो, मग बस, मग पायी.
उचलायचा सराव आम्ही केलाच नाही.
फक्त पडायचा.
टाकीच्या कट्ट्यावर ती पाठमोरी, ताठ,
हात छातीशी,
खाली जुनी गादी,
आणि न सांगता ती मागं येते.

पहिल्यांदा माझा उजवा पाय बाजूला गेला.
अर्धं पाऊल. मी नाही हलवला, तो गेला.
झेललं कसंबसं. तिला कळलं नाही.
दुसऱ्यांदाही गेला.
पायाला कुणी शिकवलं असेल हे,
मी पाठीवर बसून गाठ धरायची तेव्हा?

नवव्यांदा तो जागेवर राहिला.
ती पूर्ण आली माझ्यावर,
खोबरेल तेलाचा वास, बरगड्या, चव्वेचाळीस किलो,
डचमळणारे.

जिन्यात कुणीतरी खोकलं.
वर आलं नाही.
"परत," शिफा म्हणाली, कट्ट्यावर चढता चढता.
अंधार पडला होता.
तिच्या पाठीमागं मी एकदा
दात दाखवून हसून पाहिलं,
जमतंय का म्हणून.