काना-मात्रा

विगो बंदरात, फुटलेल्या काचेवर
रक्ताचा एक थेंब. आणि भाऊ दोन:
अमारो, उशियो.
दोघंही म्हणतात, मी नव्हे.

मी दोनदा वाचलं. अक्षरं तीच,
काना-मात्रेचा फरक नाही.
मग वाचल्या अक्षरांवरच्या
पेन्सिलीच्या पुसट खुणा:
एकाची वीस वर्षं बोटीवर,
डिझेल, रात्रपाळ्या, दिवसाला दोन पाकिटं;
दुसऱ्याची शाळेत, खडूच्या भुकटीत.

थेंब बहुधा बोटीवरचा.
(बहुधा हा शब्द वकिलांनी खोडू नये.)

बाहेर बाकावर त्यांची आई, दोसिंदा.
मांडीवर एकच कोट,
दुसरा तिनं आणलाच नव्हता.
"सिगारेट सोडलीय त्यानं," म्हणाली,
"ईस्टरपासून. माझ्यासाठी."

रक्ताला उशिरा कळतं, मी म्हणाले.
अहवालात या वाक्याला
रकाना नाही.