कारण लिहायची चौकट

चार वर्षांचे गुण एका पानावर बसवायचे.
हे काम माझं. माहीमच्या शाळेत, जिन्याखालच्या ऑफिसात,
अठ्ठावीस वर्षं.
पूर्वी टाइपरायटर होता, आता प्रिंटर,
शिक्का मात्र तोच, आणि 'मुंबई'च्या अनुस्वारापाशी
त्याची कड अजून तशीच उडालेली.

तांडेल हर्षाली. नववी ते बारावी.
ब्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव,
असं वाचत उतरावं
आणि अंधारात एक पायरी कमी निघावी, तशी
अकरावीची दुसरी सहामाही.
रसायन एकोणपन्नास. गणित त्रेसष्ट. भौतिक अठ्ठावन्न.
पुढे पुन्हा ब्याण्णव,
जसं काही झालंच नाही.

तिची आई सकाळचा बाजार आटोपून आली होती.
बोटांना बर्फाचा गारठा अजून.
काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाली,
चाराचं डोकं मिटलं की नऊ होतो ना, बाई?
शाई तरी किती लागते.
मी म्हणाले, आता शाई नाही लागत, एक बटण.
आणि दोघी गप्प झालो,
कारण बटण खरंच माझ्या बोटाखाली होतं.

वांद्र्याला एक समुपदेशक आहेत, तासाचे पाच हजार.
ते म्हणाले होते, शंभरात चार मुलं घेणारं विद्यापीठ,
तिथे असा खड्डा दिसला की कारण लागतं.
अर्जात चौकट असते त्यासाठी. अडीचशे शब्द.
त्या वर्षी घरात कोणी गेलं का? आजारपण? आग?
आई म्हणाली होती, हिचे आजोबा गेले ना.
ते आदल्या वर्षी गेले, हर्षाली म्हणाली,
आणि ते गेले तेव्हा मला पंच्याण्णव होते.

मला ती सहामाही आठवते.
फीची पावती हरवली म्हणून यायची
आणि इथल्या बाकावर तासन्‌तास बसायची.
पावती हरवलेली नव्हती. मी विचारलं नाही.
एकदा पाकिटांचा गठ्ठा दिला, शिक्के मारायला.
दोनशे पाकिटं. एकही शिक्का तिरका नाही.
मग पंख्याकडे बघत बसली पुन्हा.

माझेही एकदा दोन गुण कमी पडले होते.
कुठल्या परीक्षेत, ते मला आठवतं.
त्या नोकरीत मी काय करणार होते,
ते मात्र आता आठवत नाही.

बटण मी दाबलं, ते छापायचं.
पान स्कॅनरवर उताणं ठेवलं.
हिरवा उजेड एकोणपन्नासावरून सरकला
त्याच वेगाने, ज्या वेगाने सत्त्याण्णववरून.
मशीन कुठे थबकलं नाही.
आई बघत होती, थबकतं का.

चौकटीत तिने काय लिहिलं, ते तिनेच दाखवलं:
त्या सहामाहीत मी अभ्यास केला नाही.
का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.
बस. उरलेले दोनशे चाळीस शब्द
पांढरेच धाडले साता समुद्रापलीकडे.

मार्चअखेरीस दोन नकार आले,
एका ठिकाणी प्रतीक्षायादी.
त्या चारामुळेच, आई म्हणाली.
असेल, हर्षाली म्हणाली. नसेलही.
पत्र तिने मला वाचायला दिलं. गुळगुळीत, नम्र,
तुमच्यासारखे खूप गुणी अर्जदार वगैरे.
मी उलटून पाठही बघितली.
कारण लिहायची चौकट
त्यांच्याकडे नव्हती.

जाताना आईने पिशवी ठेवली काउंटरवर,
सरंगा आहे, ताजा, नाही म्हणू नका.
मी नको नको म्हणेपर्यंत दोघी फाटकापर्यंत पोचल्या.
पिशवीतून पाणी सुटलं होतं,
पुढच्या मुलांच्या गुणपत्रिकांकडे निघालं होतं.
मी आधी कागद उचलले.