बदली

अंडरस्टडी म्हणजे काय गं, विचारलं तिला.
फोनवर थांबली जरा. मागून ट्राम गेली, मँचेस्टरची.
म्हणाली, नायना, एक मोठी नटी आहे,
ती आजारी पडली तर तिच्या जागी मी.
आणि नाही पडली तर?
तर मागच्या खोलीत बसायचं,
भिंतीवरच्या स्पीकरमधून तिची वाक्यं ऐकत.

मग बदली म्हण की.

एवढं सोपं होतं, आणि वर्षभर साखर पेठेत मी
सांगत फिरलो, पोरगी लंडनला नाटकात आहे.
(लंडन नाही ते. पण साखर पेठेतून सगळं लंडनच.)

बदलीचं मला सांगू नकोस.
अकरा वर्षं उभा होतो मिलच्या गेटावर,
पहिल्या भोंग्याच्या आधी, खिशात पिवळं कार्ड,
डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी.
काम मिळो न मिळो, डबा भरलेला.
रिकाम्या हाताच्या माणसाकडं जॉबर बघायचा नाही.
तो बोट करायचा: तू, तू, आणि तू.
उरलेले आम्ही गेटाबाहेरच जेवून टाकायचो,
नऊ वाजता.

ओठ मिटून एकच मागायचो मार्कंडेयाकडं,
आज कुणाचं तरी अंग तापू दे.
ज्यानं यमाला परतवलं
त्याच्याकडं आम्ही ताप मागायचो, दुसऱ्याचा.

तिला तीन बायका पाठ आहेत.
एक राणी, एक नर्स,
आणि एक बोलत नाही, नुसती रडते.
ते रडणंही पाठ.
दिवसा कॉफीच्या दुकानात कप धुते.
एका ऑडिशनला विचारलं म्हणे,
तुमच्याकडच्यासारखं इंग्रजी बोलून दाखवाल?
ही म्हणाली, कुठल्या आमच्याकडचं?
घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कानडी,
इंग्रजी तर मुजावर सरांचं.
तो हसला. म्हणाला, कळवू.
कळवू.
हा शब्द जॉबरच्या तोंडचा आहे, मी ओळखतो.

एकदाच उभी राहिली उजेडात.
बुधवारी, दुपारच्या खेळाला.
चाळीस मिनिटं आधी समजलं, नटीचा घसा बसलाय.
कपडे तिच्या मापाचे, हिच्या पाठीत सात सेफ्टीपिना.
माहितीपत्रकात हिच्या नावाची सुटी चिठ्ठी घातली होती.
खेळ संपल्यावर खुर्च्यांखाली पडलेल्या
दहा-बारा हिनंच वेचल्या.
एक इकडं पाठवली, पोस्टानं.
रत्नमाला यमूल. स्पेलिंग चुकलेलं.
तिच्या आईनं विड्या वळायच्या थांबवून
बोटं पदराला पुसली,
आणि चिठ्ठी देव्हाऱ्यात नाही, रेशनकार्डात ठेवली.

परवा विचारत होती,
नायना, त्या सकाळी मी मनात म्हटलं होतं, पडू दे आजारी.
पाप लागतं का?

मला मल्लेशमचा हात दिसला.
पट्ट्यात गेला होता, कोपरापर्यंत.
त्याच्या मागावर मला सलग सोळा दिवस मिळाले.
त्या पगारात हिला झालरीचा फ्रॉक घेतला, गॅदरिंगसाठी.
हुतात्मा मंदिरात नाचली, चौथीत होती,
आणि टाळ्या संपल्या तरी आत जाईना.
हे सगळं तिथूनच लागलं तिला.
हे तिला सांगितलेलं नाही.

म्हटलं, जेवलीस का.

आज चौथ्या दिवशी पाणी आलं, रात्री बारानंतर.
पाइप धरून उभा आहे बॅरलपाशी.
तिकडं आता अर्ध्या तासाची हाक होईल.
खेळाआधी सगळ्यांनी हजर राहायचं असतं, म्हणते ती,
बदलीनंही.
मिल बंद होऊन किती वर्षं झाली,
कान अजून भोंग्याच्या वेळेला उभे राहतात.

आता मी देवाकडं काही मागत नाही.
म्हणजे, मागतो.
त्या नटीचं नाव माहीत नाही,
म्हणून नुसतं म्हणतो,
घसा. फार नको.
नुसता घसा.

बॅरल कधी भरला कळलं नाही,
चप्पल भिजली.