तीन कोटेशनं

अक्कलकोट रोड एमआयडीसी. दुपारी दोनला
पत्रा तडतडायला लागतो.
लूमवर टॉवेल, टॉवेलवर हरणांची जोडी,
ऑर्डर डर्बनच्या पार्टीची.
त्या पार्टीनंच सावकारांच्या डोक्यात घातलं,
या एकदा, बंदूक धरून बघा.

"एमय्या काळे," अंबादास सावकार म्हणाले,
"सुताचा भाव पाडतोस ना, यांचाही बघ.
रास्त पाहिजे. कायद्यातलं पाहिजे.
आणि पाप जरा कमी."
पापाचा कॉलम त्यांनी सांगितला नव्हता,
मीच आखला. एच.

पहिलं कोटेशन लिंपोपोचं.
कुडू अडीच हजार डॉलर, झेब्रा बाराशे,
रानडुक्कर भेट.
गोळी लागून पळालं तरी पूर्ण पैसे.
हे कलम मला आवडलं.
आमच्याकडे रंग बिघडवलेला लॉट
कोण भरतो पूर्ण भावानं?

दुसरं इतकं स्वस्त की दोनदा वाचलं.
चारी बाजूंनी तार, आत जनावर,
आणि ठळक अक्षरांत: हमखास.

हमखास म्हणून आजा कधी घरातून निघाला नाही.
आजा माझा, सुरमल,
नान्नजच्या माळावर तातीचे फासे लावायचा
आणि वाऱ्याकडे तोंड करून बसायचा, दिवस दिवस.
गाभण मादी अडकली तर
कानाला बारीक चीर द्यायचा आणि सोडायचा.
चीर बघून पुढचाही सोडायचा.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं.
त्याला परवाना नव्हता, फोटो नव्हता,
संवर्धन हा शब्द तर
मीच गेल्या आठवड्यात ऐकला.
तीन तित्तरांपायी बार्शीच्या कोठडीत
अकरा दिवस काढले त्यानं.
दिवसाचा दर काय पडला,
ते काढायला बसलो होतो. उठलो.

तिसरं नामिबियाचं, सगळ्यात महाग.
तार नाही. म्हातारे नरच. मांस गावाला.
असं सगळेच लिहितात, म्हणून मेल टाकला:
म्हातारा कशावरून ओळखता?
त्या महिन्यात वारं कुठून असतं?
पाण्यावर आलेलं मारता का?
जखमी झालं तर किती वेळ मागावर राहता,
आणि मांसातलं काळीज कुणाच्या वाट्याला?

इंग्रजी माझं डिस्पॅचपुरतं.
काळजापाशी अडलो, लिव्हर लिहिलं,
मग हार्टही लिहिलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं.
शिंगांच्या बुडावरून. पूर्वेचं. नाही.
अंधार पडेपर्यंत, आणि उजाडल्यावर परत.
दोन्ही, माग काढणाऱ्याला.
खाली एक ओळ होती:
तुमचे प्रश्न आमच्या मागाड्याला वाचून दाखवले.
तो विचारतो, हा माणूस कुणाचा?

कर्सर उघडमीट करत राहिला.
बाहेर टेम्पोत गठ्ठे भरत होते,
बत्तीस, तेहतीस, एक फाटका, परत मोजा.

"तिसरं घ्या," मी म्हणालो.
"अरे, रास्त म्हटलं होतं मी."
"रास्त तेच आहे, सावकार.
त्यात जनावराला नाही म्हणायची सोय आहे."
ते हसले. मग भिंतीकडे बघितलं,
सॅम्पलच्या कपाटावर, घड्याळाशेजारी,
बोटांनी माप घेतलं.
"मुंडकं बसेल इथं?"
"कस्टमला विचारावं लागेल."

जाताना दारातून म्हणाले,
"बिल टॉवेलच्या खात्यात टाकू नको हं."
बरं म्हणालो.
एच कॉलममध्ये तिसऱ्यापुढं
शून्य टाकलं होतं, ते खोडलं.
मग नामिबियाला कळवलं, एकच शब्द:
सुरमलचा.